घनता बदलत असेल तर बीम टिकतो का? असमान प्लाझ्मातल्या स्थिरतेचा हिशेब, अगदी पहिल्यापासून

गेल्या पावसाळ्यात ऐरोलीहून एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन नौपाड्यात माझ्याकडे आली. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिने प्लाझ्मातून, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेल्या वायूतून, इलेक्ट्रॉनांचा बीम सोडण्याचं सिम्युलेशन केलं होतं. "सर, पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे लाट दर अडीच नॅनोसेकंदांनी पावणेतीन पट व्हायला हवी. माझ्याकडे ती एकूण मिळून दुप्पटसुद्धा होत नाही. कोड चुकलाय." दोन आठवडे ती कोडमधली चूक शोधत होती. कोड बरोबर होता आणि सूत्रही बरोबर होतं. पण ते सूत्र सगळीकडे सारखी घनता असलेल्या प्लाझ्माचं होतं, आणि तिच्या प्लाझ्माची घनता दहा सेंटिमीटरांत दुप्पट होत होती.

नव्याने या विषयात येणारे बरेच जण इथेच अडतात, म्हणून हा लेख लिहितो आहे. घनता बदलत असेल तेव्हा 'लाट किती वेगाने वाढते' हा अर्धाच प्रश्न असतो. 'वाढायला तिला जागा किती मिळते' हा उरलेला अर्धा, आणि बहुतेक वेळा निकाल त्यावरच लागतो. बी.एस्सी.पर्यंतचं भौतिकशास्त्र, संमिश्र संख्यांची ओळख, कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर एवढं पुरेल. संगणक शेवटी उघडायचा.

पायरी १ : लाट मुळात वाढते का, ते समजून घ्या

प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन जागचे थोडे सरकले की मागे राहिलेले जड आयन त्यांना परत ओढतात. ते जागेवर येतात, वेगात पुढे निघून जातात, पुन्हा ओढले जातात. या झोक्याचा ताल फक्त घनतेवर ठरतो. एका घनसेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजा, त्याचं वर्गमूळ घ्या, ९,००० ने गुणा. सेकंदाला होणारी आवर्तनं जवळजवळ तेवढी. घनसेंटिमीटरला १,००० कोटी इलेक्ट्रॉन असतील तर वर्गमूळ १ लाख, म्हणजे सेकंदाला ९० कोटी आवर्तनं. हीच प्लाझ्मा वारंवारता.

आता यातून एक बीम जाऊ द्या. कुठेतरी एक इवलंसं विद्युतक्षेत्र निर्माण झालं की बीममधले काही इलेक्ट्रॉन किंचित मंदावतात, काही किंचित पुढे सरतात. घोडबंदर रोडवर एक टँकर हळू झाला की मागे गाड्यांचा घोळका जमतो, तसे बीममध्ये इलेक्ट्रॉनांचे घोळके जमतात. रस्त्यावर गोष्ट तिथेच थांबते. इथे मात्र त्या घोळक्यांचा स्वतःचा विद्युतभार आहे. ते प्लाझ्माला तालात धक्के देतात, क्षेत्र मोठं होतं, मोठ्या क्षेत्रामुळे घोळके आणखी दाट होतात. बीमची ऊर्जा अशी लाटेत उतरत जाते. अमेरिकेत बोम आणि ग्रॉस, सोव्हिएत संघात अखिएझर आणि फाइनबर्ग यांनी १९४९ मध्ये ही अस्थिरता मांडली.

नवी मुंबईतल्या मुलांना बीम म्हटलं की खारघरचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आठवतं, आणि तिथला बीम असा का बिघडत नाही, असं ती विचारतात. प्रश्न रास्त आहे. तिथल्या प्रवेगकात बीम निर्वात नळीतून जातो. त्याच्याबरोबर झोके घेणारा दाट प्लाझ्मा तिथे नसतोच. आपली गोष्ट बीमला असा जोडीदार मिळतो तिथे सुरू होते.

पायरी २ : घनतेचा आलेख हाताने काढा

हाताने हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर घनता. मग तीन-चार ठिकाणी एक साधा भागाकार करा: त्या जागची घनता भागिले दर सेंटिमीटरला होणारा बदल. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. त्याला मी उताराची लांबी म्हणतो. ती १०० सेंटिमीटर असेल तर घनता स्वतःइतकी बदलायला साधारण मीटरभर अंतर लागतं. ती १० असेल तर उतार दहापट तीव्र.

बीम चढणीकडे जातो आहे की उतरणीकडे, तेही बाणाने दाखवा. पुढे लागेल.

पायरी ३ : चार आकडे आणि समान घनतेचं उत्तर

पार्श्वभूमीची घनता, बीमची घनता, बीमचा वेग आणि बीममधल्या वेगांचा पसारा. या चार आकड्यांशिवाय पुढे जाऊ नका. संपूर्ण लेखात मी एकच उदाहरण वापरतो: प्लाझ्मात घनसेंटिमीटरला १,००० कोटी इलेक्ट्रॉन, बीममध्ये त्याच्या हजाराव्या हिश्शाइतके म्हणजे १ कोटी, आणि बीमची ऊर्जा १,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या ऊर्जेला इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १८,७०० किलोमीटर असतो. चौथा आकडा, पसारा, पायरी ६ मध्ये लागेल.

सगळीकडे घनता सारखी आहे असं क्षणभर धरा. लाटेचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत बीम जितका पुढे जातो, तेवढ्या तरंगलांबीची लाट सर्वांत जोमाने वाढते. वेग भागिले वारंवारता केलं की ही लांबी २.१ सेंटिमीटर येते. वाढीचा दर काढायला दोन घनतांच्या गुणोत्तराचं घनमूळ घ्या, त्याला ०.६९ ने गुणा आणि मग कोनीय प्लाझ्मा वारंवारतेने गुणा. हजाराव्या हिश्शाचं घनमूळ ०.१. कोनीय वारंवारता सेकंदाला ५६४ कोटी रेडियन. दर आला सेकंदाला सुमारे ३९ कोटी, म्हणजे लाट २.६ नॅनोसेकंदांत २.७ पट. माझ्या विद्यार्थिनीचं 'अडीच नॅनोसेकंदांत पावणेतीन पट' ते हेच.

यातली घनमुळाची गंमत लक्षात ठेवा. बीम हजारपट विरळ असला तरी वाढीचा दर हजारपट कमी होत नाही, फक्त दहापट कमी होतो. विरळ बीम निरुपद्रवी असेल, असं मानायची सोय त्यामुळे राहत नाही.

पायरी ४ : दराचं अंतरात रूपांतर करा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि पाठ्यपुस्तकांतून शिकताना हीच गाळली जाते.

वाढणारी लाट बीमबरोबर वाहत जाते, पण बीमच्या पूर्ण वेगाने नाही. दर सर्वांत जास्त असतो तिथे तिचा पुंजका बीमच्या दोनतृतीयांश वेगाने सरकतो. २.६ नॅनोसेकंदांत तो ३.२ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे २.७ पट होण्याचा एक टप्पा गाठायला लाटेला ३.२ सेंटिमीटर जागा लागते.

आता बागेतल्या झोपाळ्यांची एक लांब रांग डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक झोपाळ्याची साखळी आधीच्यापेक्षा जराशी आखूड. तुम्ही रांगेच्या बाजूने चालत एकाच तालात प्रत्येकाला धक्का देत जाता. ज्यांचा ताल तुमच्या तालाशी जुळतो ते उंच जातात. चार-सहा झोपाळे पुढे गेलं की साखळी आखूड, ताल वेगळा. धक्का कधी योग्य वेळी बसतो, कधी उलटा, आणि झोका वाढत नाही. असमान प्लाझ्मात नेमकं हेच होतं. घनता जास्त म्हणजे साखळी आखूड.

जुळणीचा पट्टा किती रुंद? वारंवारतेत तो पुन्हा त्याच घनमुळाइतका, आपल्या उदाहरणात सुमारे १० टक्के. वारंवारता घनतेच्या वर्गमुळाने बदलते, म्हणून घनतेत २० टक्के. घनता २० टक्के बदलायला उताराच्या लांबीचा पाचवा हिस्सा लागतो.

उताराची लांबी १०० सेंटिमीटर असेल तर पट्टा २० सेंटिमीटरचा. त्यात ३.२ सेंटिमीटरचे सहा टप्पे बसतात. सहा टप्पे म्हणजे लाट ४०० पट. उताराची लांबी १० सेंटिमीटर असेल तर पट्टा २ सेंटिमीटरचा, एक टप्पासुद्धा पुरा होत नाही आणि लाट दुप्पटही होत नाही. विद्यार्थिनीचा प्रश्न इथे सुटला. आम्ही दोघांनी हा हिशेब जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर केला. "म्हणजे माझा निकाल बरोबर होता?" असं तिने दोनदा विचारलं.

स्वतःसाठी मी एक ढोबळ मोजमाप ठेवलं आहे. टप्पे एक-दोन असतील तर बीम निर्धोक. सात-आठच्या पुढे गेले तर प्लाझ्मातल्या नैसर्गिक खळबळीतूनच मोठी लाट उभी राहील असं धरून चालायचं. मधल्या पट्ट्यात सुरुवातीला खळबळ किती आहे, त्यावर सगळं अवलंबून.

पायरी ५ : वारंवारता धरून ठेवा, तरंगलांबी बदलू द्या

वरचा अंदाज ढोबळ आहे. तो नीट करायचा तर एक नियम मनात पक्का बसायला हवा, आणि त्यासाठी ऐरोलीच्या खाडीकाठी अर्धा तास उभं राहिलेलं चांगलं. होडी गेल्यावर तिच्या लाटा खोल पाण्यातून चिखलाच्या उथळ काठाकडे येतात. काठाजवळ त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. पण रोवलेल्या काठीवर मिनिटाला आपटणाऱ्या लाटांची संख्या खोल पाण्यात जेवढी, तेवढीच उथळातही. कालानुसार न बदलणाऱ्या, पण जागेनुसार बदलणाऱ्या माध्यमात वारंवारता कायम राहते आणि तरंगलांबी बदलते. म्हणून असमान प्लाझ्मात वारंवारता वास्तव आणि स्थिर धरायची आणि तरंगसंख्या प्रत्येक ठिकाणी नव्याने काढायची. तिचा काल्पनिक भाग म्हणजे त्या ठिकाणची, दर सेंटिमीटरची वाढ.

थंड बीमसाठी, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन एकाच वेगाने जात असतील तेव्हा, हे गणित सुटसुटीत आहे. बीमची (बीमच्याच घनतेतून काढलेली) कोनीय प्लाझ्मा वारंवारता घ्या, बीमच्या वेगाने भागा. मग स्थानिक प्लाझ्मा वारंवारतेचा वर्ग भागिले लाटेच्या वारंवारतेचा वर्ग काढून त्यातून १ वजा करा, आणि त्या वजाबाकीच्या वर्गमुळाने आधीच्या उत्तराला पुन्हा भागा. ही झाली दर सेंटिमीटरची वाढ.

या सूत्रातून तीन गोष्टी दिसतात. लाटेच्या वारंवारतेपेक्षा स्थानिक प्लाझ्मा वारंवारता कमी असेल, म्हणजे आपण विरळ बाजूला असू, तर वर्गमुळात ऋण संख्या येते आणि वाढ शून्य. दाट बाजूला वाढ आहे, पण आत जावं तशी मंदावणारी. आणि दोन्ही वारंवारता अगदी सारख्या होतात त्या बिंदूवर सूत्र अनंत देतं. तिथे घाबरू नका. आपल्याला त्या बिंदूवरची वाढ नको आहे, वाटेवरची एकूण वाढ हवी आहे. सरळ रेषेत चढणाऱ्या घनतेवर सूत्राची बेरीज, म्हणजे समाकलन, केलं की अनंत निघून जातं आणि उत्तर सरळ येतं: बीमची कोनीय वारंवारता भागिले वेग, गुणिले २, गुणिले उताराची लांबी आणि दाट बाजूला कापलेलं अंतर यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. समान घनतेत फुटणारं सूत्र उतारामुळे शांत होतं. मला स्वतःला या विषयाची गोडी इथे लागली.

आपल्या आकड्यांत पाहू. बीमची कोनीय वारंवारता भागिले वेग म्हणजे मीटरला सुमारे ९.५. उताराची लांबी १ मीटर, कापलेलं अंतर २० सेंटिमीटर: साडेआठ टप्पे. ढोबळ अंदाज सहाचा होता. एवढा फरक चालतो. पण अंतर पूर्ण १ मीटर घेतलं तर १९ टप्पे येतात, आणि हा फरक चालणारा नाही. कोणता आकडा खरा, ते पुढची पायरी ठरवते.

त्याआधी एक तपासणी. तरंगसंख्या जागोजागी काढायची ही पद्धत वेंट्झेल, क्रॅमर्स आणि ब्रिलुआँ यांच्या नावाने ओळखली जाते. एका तरंगलांबीत घनता फारशी बदलत नसेल तरच ती चालते. २ पाय भागिले तरंगलांबी, गुणिले उताराची लांबी ही संख्या १ पेक्षा खूप मोठी हवी. १ मीटरच्या उताराला ती ३०० येते, बिनधास्त पुढे जा. १ सेंटिमीटरच्या उताराला ३ येते. तिथे ही पद्धत सोडा आणि मूळ विकलक समीकरण संगणकावर थेट सोडवा.

पायरी ६ : वेगांचा पसारा विसरू नका

खऱ्या बीममधले सगळे इलेक्ट्रॉन एकाच वेगाने जात नाहीत. वेगाचा पसारा घनतांच्या गुणोत्तराच्या घनमुळापेक्षा, म्हणजे आपल्याकडे १० टक्क्यांपेक्षा, बराच कमी असेल तर जुळणीच्या पट्ट्यातली जोमदार वाढ टिकते. दाट बाजूची ती मंद, लांबवर चालणारी वाढ त्याहून नाजूक. तिला पसारा गुणोत्तराच्या वर्गमुळापेक्षा, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांपेक्षा, बराच कमी लागतो. पसारा अर्ध्या टक्क्याचा असेल तर पायरी ५ ची पूर्ण बेरीज खरी. ५ टक्के असेल तर दाट बाजूची वाढ जवळपास पुसली जाते आणि पायरी ४ चा अंदाज सत्याच्या जवळ राहतो. विद्यार्थिनीच्या बीममध्ये पसारा ५ टक्केच होता.

पसारा १० टक्क्यांच्या पुढे गेला की घोळक्यांची भाषा सोडून वेगांच्या वितरणाची भाषा धरावी लागते. १९४६ मध्ये लान्दाऊने दाखवलेलं टक्करींशिवायचं शमन तिथे उलट फिरतं आणि लाट वाढवतं. त्या भाषेतही उताराचा परिणाम समजायला सोपा आहे. लाट विरळ बाजूला सरकली की तिची तरंगलांबी आखडते आणि कला-वेग कमी होतो. दाट बाजूला उलट. दोन्हीकडे ती बीमच्या वेगाशी जमलेली जोडी मोडते. पायरी २ मधला बाण इथे कामाला येतो.

पायरी ७ : लाट वाहून जाते की जागीच वाढते?

आतापर्यंत आपण लाट वाहत पुढे जाते असं धरलं. एकाच दिशेने जाणाऱ्या बीममध्ये सहसा तसंच असतं, आणि म्हणून टप्पे मोजणं अर्थपूर्ण ठरतं. पण दोन्ही टोकांना परावर्तन होत असेल किंवा समोरासमोर दोन बीम असतील तर लाट त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरते. मग टप्प्यांची मोजणी पुरत नाही. प्रयोगातली धातूची टोकं, सिम्युलेशनमधल्या सीमा आधी नजरेखालून घाला.

पायरी ८ : आता संगणक

उत्तर साधारण काय यावं हे कागदावर लिहून ठेवल्याशिवाय सिम्युलेशन सुरू करू नका. कणांवर आधारित मुक्त कोड उपलब्ध आहेत. इपॉक, स्मिलेई आणि वॉर्पएक्स ही त्यांतली नावं. एकाच मितीपासून सुरुवात करा.

कोड जागेचे जे छोटे तुकडे पाडतो ती घरं. घराचा आकार डिबाय लांबीच्या, म्हणजे ज्या अंतरापलीकडे एखाद्या विद्युतभाराचा प्रभाव प्लाझ्मात झाकला जातो त्याच्या, आसपास ठेवा. आपल्या घनतेला आणि २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट तापमानाला ती ०.१ मिलिमीटर येते, म्हणजे १ मीटरसाठी १०,००० घरं. एका मितीत साध्या लॅपटॉपला हे जमतं. काळाची पायरी कोनीय प्लाझ्मा वारंवारतेच्या व्यस्ताच्या दहाव्या हिश्शाइतकी घ्या. विद्युतचुंबकीय कोड असेल तर प्रकाश एका पायरीत एक घर ओलांडणार नाही इतकी लहान. आयन स्थिर ठेवले तरी चालतील, पण त्यांची घनता इलेक्ट्रॉनांच्या उताराशी तंतोतंत जुळलेली हवी. नाहीतर बीम येण्याआधीच उतार स्वतःची लाट सोडतो. म्हणून पहिली धाव बीमशिवाय करा. ती शांत दिसली तर पुढे. बीमही एकदम सुरू करू नका, काही आवर्तनांत हळूहळू चढवा. त्याच्या धारदार टोकाचा धक्का मोठा असतो.

इथे मी स्वतः एकदा महिनाभर चकलो आहे. घनतेच्या प्रमाणात कण पेरले होते: दाट टोकाला घरामागे ४००, दहापट विरळ टोकाला ४०. चाळीस कणांत नुसत्या यदृच्छेने घनता सुमारे १६ टक्के वरखाली होते. विरळ टोकाला दिसणारी ती खळबळ मी अस्थिरता समजून तिचं स्पष्टीकरण लिहीत बसलो. कण दुप्पट केले तेव्हा उलगडा झाला: गोंगाट वर्गमुळाच्या हिशेबाने घटला, आणि खऱ्या वाढीचा उतार जिथे होता तिथेच राहिला. तेव्हापासून कण दुप्पट करून पाहिल्याशिवाय मी कोणताही निकाल कोणाला दाखवत नाही. विरळ भागात कमी वजनाचे जास्त कण ठेवले तर हा त्रास बराच टळतो.

निकाल वाचताना एका बिंदूवरचं क्षेत्र पाहून थांबू नका. प्रत्येक जागी वारंवारतांचा वर्णपट काढा. उतारावर प्रत्येक वारंवारतेची वाढीची जागा वेगळी असते. सगळी बेरीज एकत्र पाहिली तर हे हरवून जातं.

बीमला जाडी असते तेव्हा आडव्या अस्थिरताही येतात. १९५९ मध्ये वाइबेलने मांडलेल्या अस्थिरतेच्या जवळची बीमचे धागे पडण्याची अस्थिरता आहे, आणि बीम पाण्याच्या मोकळ्या पाइपसारखा हेलकावतो तीही आहे. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका, पण एका मितीत स्थिर म्हणजे सर्वत्र स्थिर असंही लिहू नका.

हे प्रत्यक्षात कुठे दिसतं?

सूर्यावर. स्फोटातून निघालेले इलेक्ट्रॉन बीम सूर्याच्या प्रभामंडलातून बाहेर येताना सतत विरळ होणाऱ्या प्लाझ्मातून जातात, आणि रेडिओ दुर्बिणीला वारंवारता झरझर खाली उतरताना दिसते. हे तिसऱ्या प्रकारचे सौर रेडिओ स्फोट. १०० मेगाहर्ट्झला घनता घनसेंटिमीटरला १२ कोटींच्या आसपास. पृथ्वीजवळ घनता ५ ते १० इलेक्ट्रॉनांवर आलेली असते आणि वारंवारता २० ते ३० किलोहर्ट्झवर. स्टरॉक यांनी १९६४ मध्ये विचारलं की समान घनतेच्या हिशेबाने हे बीम सूर्याजवळच ऊर्जा गमावून बसायला हवेत, मग ते पृथ्वीपर्यंत पोहोचतात कसे? उत्तराचा एक भाग असा की बीमच्या पुढच्या टोकाने निर्माण केलेल्या लाटा मागचा भाग पुन्हा शोषून घेतो. दुसरा भाग आपल्या झोपाळ्यांचा: वाटेतल्या घनतेच्या चढउतारांमुळे लाटांची जुळणी पुन्हा पुन्हा मोडते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या 'अवेक' प्रयोगात याच गोष्टीचा उलटा, हेतुपूर्वक उपयोग होतो. ४०० गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन बीम १० मीटर लांब रुबिडियम प्लाझ्मातून जातो, स्वतःच्या अस्थिरतेने लहान पुंजक्यांत तुटतो, आणि त्या पुंजक्यांच्या मागे उठणारी लाट इलेक्ट्रॉनांना वेग देते. २०१८ मध्ये असे इलेक्ट्रॉन २ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोहोचले. पूर्ण १० मीटरमध्ये घनतेला साधारण दोन टक्क्यांचा उतार दिला, तेव्हा हा आकडा मिळाला.

आता तुमच्यासाठी सराव. माझं उदाहरण तसंच ठेवा, उताराची लांबी १ मीटर, पसारा ५ टक्के, फक्त बीमची ऊर्जा चौपट करा: ४,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वेग दुप्पट होतो, तरंगलांबी ४.२ सेंटिमीटर. वाढीचा दर जराही बदलत नाही. समान घनतेचं सूत्र पाहून तुम्ही काहीच फरक नाही असं म्हणाल. पण एका टप्प्याला आता ६.४ सेंटिमीटर लागतात आणि जुळणीचा पट्टा मात्र २० सेंटिमीटरचाच आहे. टप्पे मोजा. लाट ४०० पट वाढत होती ती आता किती पट वाढते, ते काढून पाहा आणि मगच पहिलं सिम्युलेशन सुरू करा.